पाच खोल्यांचे घर आणि लांब वल्ह्यांची होडी

मातीच्या एका गोलसर भांड्यावर होडी रंगवलेली आहे. होडीला लांब वल्ही आहेत. हे भांडे समुद्रकाठी सापडलेले नाही. ते सापडले पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावी, घोड नदीच्या उजव्या काठावरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात. ज्याच्यासाठी ते ठेवले होते तो चाळिशीतला पुरुष. चार पायांच्या एका मोठ्या रांजणात त्याला मांडी घालून बसवले होते, आणि तो रांजण पुरला होता पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात. घराला लागून धान्याचे कोठार होते.

कोकणातल्या एखाद्या कोळीवाड्याशेजारी जुन्या व्यापाऱ्याचा वाडा उभा असला, तर त्याचे मोल सांगणे त्यामानाने सोपे जाते. तुळया दाखवता येतात, वखार दाखवता येते, मासळी कुठे वाळायची आणि गलबते कुठे लागायची हे घरातली म्हातारी माणसे सांगतात, फडताळात हिशेबाच्या वह्या निघतात. इनामगावच्या घराला तुळई नाही, वही नाही, वारस नाही. लिपी या भागात पोचली त्याच्या कितीतरी आधी ते घर मोडले होते. तरीही सधन माणसाचे घर आणि नदीवर जगणारे गाव यांचे नाते महाराष्ट्रात पहिल्यांदा कुठे तपशिलाने दिसते असे विचारले, तर मी याच घराकडे बोट दाखवीन. ते कशाच्या आधारावर, हे या लेखात पायरीपायरीने मांडायचे आहे.

आधी साधनांविषयी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावला हंगामामागून हंगाम उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. यापूर्वी सांकलियांच्या पिढीने जोर्वे, नेवासे, चांडोली अशी स्थळे खणली होती. संगमनेर तालुक्यातल्या, प्रवरेकाठच्या जोर्वे या गावावरून तर या स्थळांवर दिसणाऱ्या संस्कृतीलाच ‘जोर्वे’ हे नाव मिळाले. पण त्या स्थळांवर मुख्य प्रश्न असायचा तो थरांच्या क्रमाचा: कोण आधी आले, कोण नंतर. त्यासाठी खोल, अरुंद खड्डा पुरतो. इनामगावला प्रश्न बदलला. घरे कशी होती, एकमेकांपासून किती अंतरावर होती, कोण कोणाचा शेजारी होता, हे पाहायचे ठरले. त्यासाठी जमीन आडवी उघडावी लागते, एकाच काळाची जमीन एका वेळी विस्ताराने मोकळी करावी लागते. हे काम कमालीचे संथ असते. त्यातून १३०हून अधिक घरांचे अवशेष नोंदले गेले.

या नोंदी आज आपल्यापुढे आहेत त्या मुख्यतः ग्रंथरूपात. मानवी सांगाड्यांचा जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये आला, आणि उत्खननाचा मुख्य अहवाल १९८८ मध्ये. त्या अहवालात मु. द. काजळे यांनी जळक्या धान्यांचा आणि पी. के. थॉमस यांनी प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास दिला आहे. ढवळीकरांनी पुढे हा सारा विषय मराठी वाचकांसाठी ‘महाराष्ट्राची कुळकथा’ या पुस्तकात सोपा करून मांडला. म्हणजे या घराची कागदपत्रे आहेत. फक्त ती घरात राहणाऱ्यांनी लिहिलेली नाहीत. तीन हजार वर्षांनंतर आलेल्या परक्यांनी खुरपी, ब्रश आणि मोजपट्टी घेऊन ती तयार केली. म्हणून ती वाचताना एक शिस्त पाळावी लागते: काय दिसले आणि त्यावरून काय ताडले, हे दोन वेगवेगळ्या ओळींत ठेवायचे.

काय दिसले ते पाहू. इनामगावच्या वस्तीचे तीन टप्पे केले जातात. सुमारे इ.स.पू. १६०० ते १४०० हा माळवा संस्कृतीचा, १४०० ते १००० हा आद्य जोर्वेचा आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वेचा. आद्य जोर्वेच्या काळात गाव भरभराटीला आलेले दिसते. घरे चौकोनी आहेत, ओळीने मांडलेली आहेत, आणि दोन घरांच्या मध्ये सुमारे दीड मीटरचा बोळ सोडलेला आहे. एका घराचा सर्वसाधारण आकार ५ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. भिंती बुटक्या, मातीच्या. त्यांच्यावर कुडाचे काम, वर छप्पर. यातले छप्पर कुठेही हाती लागलेले नाही. हाती लागले ते खांबांचे खळगे आणि चोपून केलेली जमीन. खळगे ओळीने कुठून कुठवर जातात यावरून भिंत ठरते, आणि ती ओळ मध्येच आडवी वळली की तिथे खोली वेगळी होते. ‘पाच खोल्या’ हा आकडा असा जमिनीवरून वाचलेला आहे.

घरांच्या आत आणखीही खुणा आहेत. चूल आहे. अंगणात खड्डे आहेत. धान्य साठवण्यासाठी चुन्याने लिंपलेली पेवे आहेत. कणगी टेकवण्यासाठी मातीचे गोल ओटे आहेत. आणि काही घरांत जमिनीवर चार चपटे दगड चौकोनात बसवलेले सापडतात. हे दगड चार पायांच्या साठवणीच्या रांजणासाठी होते. ओलसर जमिनीपासून धान्य उंच राहावे, उंदीर-घुशींना ते सहजासहजी पोचू नये म्हणून रांजणाला पाय, आणि रांजणाच्या भाराने पाय जमिनीत रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली दगड. या चार दगडांकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

पाच खोल्यांचे घर या सगळ्यांत उठून दिसते ते तीन कारणांनी. एक, खोल्यांची संख्या. बाकीची बहुतेक घरे एका किंवा दोन खोल्यांची असताना हे पाच खोल्यांचे. दोन, जागा. ते वस्तीच्या मध्यभागी आहे. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी घडवणारा, हस्तिदंताचे काम करणारा अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला सापडली. सधन दिसणारी घरे मध्याकडे आहेत. तीन, शेजार. या घराला लागून जी वास्तू आहे तिच्यात राहण्याच्या खुणा कमी आणि साठवणीच्या जास्त. पेवांची आणि कणग्यांच्या ओट्यांची तिथे दाटी आहे. म्हणून तिला कोठार म्हटले गेले.

इथपर्यंत ‘दिसले’ची ओळ आहे. पुढची ‘ताडले’ची. ढवळीकरांनी हे घर गावाच्या प्रमुखाचे मानले. कोठारात जमणारे धान्य हा गावकऱ्यांकडून त्याच्याकडे येणारा वाटा असावा, असा त्यांचा अर्थ. या अर्थाला आणखी एका मोठ्या पुराव्याचा टेकू आहे. आद्य जोर्वेच्या काळात वस्तीच्या कडेने पाण्याचा एक पाट खणलेला होता: लांबी सुमारे २०० मीटर, रुंदी ४ मीटर, खोली साडेतीन मीटर. त्याच्या बाजूने दगडमातीचा बांध होता. पुराचे पाणी वळवून शेताला द्यायचे असा त्याचा उपयोग सांगितला जातो. एवढे काम एकट्यादुकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. कोणीतरी माणसे गोळा करणार, कामाची वाटणी करणार, काम चालू असेतो त्यांच्या जेवणाची सोय पाहणार. कोठाराशेजारी राहणारा माणूस तो असू शकतो.

मग त्याला व्यापारी म्हणावे का? घरात आणि गावात ज्या वस्तू सापडतात त्यांच्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. तांबे या परिसरात निघत नाही. समुद्री शंखांच्या बांगड्या आहेत आणि समुद्र सह्याद्रीपलीकडे आहे. सोन्याचे दागिने थोडे का होईना सापडले आहेत, हस्तिदंत आहे. या सगळ्या वस्तू कुठून तरी, कोणाच्या तरी हातातून, कशाच्या तरी बदल्यात आल्या. नाणे तर अजून जन्माला यायचे होते. बदल्यात देण्यासारखे इनामगावकडे सर्वांत भरवशाचे जे होते ते धान्य, आणि धान्याचा सर्वांत मोठा साठा या घराशेजारी होता. ज्याच्या हाती साठा, त्याच्याच दारी बाहेरचा माल उतरणार, एवढे म्हणायला पुरावा पुरतो. मात्र दुकान, वखार, नफा असे पुढच्या काळातले शब्द त्याच्यावर लादायला पुरावा पुरत नाही. आपल्याकडच्या जुन्या गावगाड्यात पाटील आणि सावकार ही दोन वेगळी माणसे झाली. या घरात त्या दोन्ही भूमिका अजून एकाच छपराखाली होत्या असे मला वाटते, आणि माझ्या दृष्टीने या घराचे ऐतिहासिक मोल मुख्यतः इथे आहे. सत्ता आणि साठा वेगळे होण्याआधीचे ते घर आहे.

आता नदी. पोटाच्या बाबतीत गावाचा मुख्य आधार शेती होता याबद्दल शंका नाही. काजळे यांनी ओळखलेल्या धान्यांत जव आणि गहू आहेत, मसूर, कुळीथ, वाटाणा यांसारखी कडधान्ये आहेत. बोर, जांभूळ, खजूर आहेत. हाडांमध्ये गाईगुरे आणि शेळ्यामेंढ्या ठळक आहेत, शिकारीची हरणे आहेत. पण त्याच यादीत मासे, कासव, खेकडा आणि मगरही आहेत. यादीचा हा भाग सहज नजरेतून निसटतो. मगर असलेल्या नदीत उतरून मासे धरणारी ही माणसे होती. घोडला तेव्हा बारमाही डोह असले पाहिजेत, कारण त्यांच्याशिवाय मगर टिकत नाही.

माशांची हाडे नाजूक असतात. मातीत ती कुजतात, चाळणीतून गळतात. म्हणून गावाच्या जेवणात मासळीचा वाटा नेमका किती होता हे हाडांच्या संख्येवरून काढायला गेले तर तो नेहमी कमीच भरणार. अशा ठिकाणी दुसऱ्या जातीचा पुरावा उपयोगी पडतो, आणि तो म्हणजे भांड्यावरची होडी. मासे धरायला होडी लागतेच असे नाही. पाग (फेकायचे जाळे) काठावरूनही टाकता येतो. लांब वल्ह्यांची होडी म्हणजे मोठ्या पाण्यावर जाणे, पलीकडे पोचणे, ओझे नेणे. ज्याने ती रंगवली त्याने अशी होडी पाहिलेली होती, किंवा पाहिलेल्या माणसाकडून ऐकलेली होती. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमावर वाळकी इथेही त्याच काळातली छोटी वस्ती डेक्कन कॉलेजने उघडली आहे. नदीकाठाने एकमेकांना धरून असलेल्या गावांची ती ओळ होती. ‘मासेमार गाव’ हा शब्द इनामगावला चिकटवणे अतिशयोक्तीचे होईल. नदीने पोसलेले गाव मात्र ते निश्चित होते, आणि त्या गावाच्या सर्वांत मोठ्या घरातल्या माणसाला निरोप देताना नदीवरचे वाहन बरोबर द्यावेसे कोणाला तरी वाटले होते.

तो निरोप कसा दिला गेला हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात गावाची रीत आणि त्या रीतीला केलेला अपवाद दोन्ही दिसतात. रीत अशी: मोठ्या माणसाला जमिनीत, उत्तरेकडे डोके करून उताणे पुरायचे, आणि घोट्यांपासून खाली पाय तोडायचे. गेलेला माणूस घर सोडून दूर जाऊ नये अशी त्यामागची भावना सांगितली जाते. लहान मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडे समोरासमोर जुळवून, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. घरातले लेकरू घरातच राहावे, अशी ती माया.

पाच खोल्यांच्या घरातल्या माणसाच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्याला उताणे निजवले नाही, बसवले. त्याचे पाय तोडले नाहीत. त्याच्यासाठी न भाजलेल्या मातीचा चार पायांचा रांजण घडवला, सुमारे ८० सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर रुंद. त्याच रांजणाच्या खाली तसाच आणखी एक रांजण निघाला, पण त्यात माणसाचा सांगाडा नव्हता. देह हाती न लागलेल्या कोणा पूर्वजासाठी केलेले ते प्रतीकात्मक दफन असावे, असा अर्थ त्यावरून लावला गेला. म्हणजे ही जागा आणि हा मान एका माणसापुरता नसून घराण्याचा असावा, अशी शक्यता पुढे येते.

इथे चार चपट्या दगडांकडे परत येऊ. घराघरांत चार पायांचा रांजण धान्यासाठी वापरात होता. गावाने आपल्या मोठ्या माणसाला ज्या आकारात पुरले तो आकार राजचिन्हाचा नव्हता, देवळाचाही नव्हता. तो साठवणीच्या रांजणाचा होता. ज्याच्या आयुष्यात कोठाराची किल्ली त्याच्याकडे होती, त्याला मरणानंतर धान्यासारखे जपून ठेवले. हा अर्थ माझा आहे, अहवालाचा नाही. पण तो उभा आहे अहवालातल्या दोन वेगवेगळ्या पानांवरच्या दोन साध्या नोंदींवर: घरातले दगड आणि अंगणातला रांजण. एक नोंद हरवली असती तर दुसरी मुकी झाली असती.

पुढच्या काळात गावाची स्थिती पालटली. सुमारे इ.स.पू. १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या जास्त दिसू लागतात, भांड्यांचे काम खालावते, गहू घटतो, शिकार वाढते. ढवळीकरांनी याचे कारण कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधले. सुमारे इ.स.पू. ७०० मध्ये गाव ओस पडले. या चित्रावर नंतरच्या अभ्यासकांनी प्रश्न उभे केले आणि ते उभे करणे गरजेचेही होते. शीना पांजा यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात घरांच्या मांडणीचा आणि लोकांच्या फिरस्तीचा संबंध तपासला. गाव म्हटले की बारा महिने एका जागी बसलेली माणसे, हे गृहीतच त्यांनी तपासायला घेतले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मधल्या पुस्तकात लहान मुलांच्या सांगाड्यांचा पुन्हा अभ्यास करून हवामान आणि आरोग्य यांचे नाते पूर्वी मानले तितके सरळ नव्हते असे दाखवले.

या दोघींनाही इनामगाव नव्याने खणावे लागले नाही. जुन्या नोंदी, जुने नकाशे, जपून ठेवलेली हाडे यांच्यावर त्यांनी नवे प्रश्न विचारले. पहिल्या उत्खनकांचा अर्थ उद्या पूर्ण बदलला तरी त्यांनी टिपलेला खांबाचा खळगा बदलणार नाही. त्यांच्या कामाची थोरवी मला त्यात दिसते. आपल्याशी मतभेद करता येईल इतका नेटका पुरावा त्यांनी मागे ठेवला.

वारशाचे मोल ठरवताना आपण सहसा डोळ्यांना दिसणाऱ्या वास्तूपासून सुरुवात करतो. १९५८च्या केंद्रीय कायद्यातही वास्तू असो वा स्थळ, किमान शंभर वर्षांचे वय ही पहिली अट आहे. इनामगावचे घर त्या अटीच्या तीसपट जुने आहे, पण उत्खननाचा स्वभाव असा की वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही. खालचे घर पाहायचे तर वरचे घर उचलावे लागते. म्हणून खणलेले घर जमिनीवर कमी आणि कागदावर जास्त उरते. कोकणातल्या वाड्याची तुळई कुजली तर नवी घालता येते. इथे नकाशाचा कागद कुजला, छायाचित्राची काच फुटली, नमुन्याच्या पिशवीवरची चिठ्ठी गळून पडली, तर ती खोली दुसऱ्यांदा मोडते आणि ती पुन्हा बांधता येत नाही. अशा घराची डागडुजी म्हणजे दप्तराची डागडुजी. क्षेत्रवह्या, आराखडे, छायाचित्रे यांच्या प्रती करणे, नमुने नोंदींसह सांभाळणे, आणि हे सारे मराठीतून, शिरूर-दौंडच्या शाळांपर्यंत नेणे. घोडच्या काठी वाढणाऱ्या मुलाला आपल्या शिवारात तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट होता हे माहीत असले, तर चिंचणीच्या धरणातून कालव्याला सुटणारे पाणी तो वेगळ्या नजरेने पाहील.

आणि जमिनीवर जे उरले आहे त्याचेही पाहायला हवे. दख्खनमध्ये गावोगावी नदीकाठी पांढरी आहेत. पांढरीची माती धाब्याला चांगली, शेतालाही चांगली, म्हणून ती पिढ्यानपिढ्या उकरून नेली जाते. नेणाऱ्याचा त्यात दोष नाही, त्या मातीत काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. उकरताना कधी चार चपटे दगड चौकोनात, एका पातळीत लागतात. कामाचे दगड म्हणून ते उचलले जातात, बांधावर रचले जातात. बांधावर गेले की ते नुसते दगड असतात. जागेवर असतात तोवर ते एका रांजणाच्या पायांची जागा असतात, आणि त्या रांजणाभोवती एक घर असते.